व्यासपीठ आणि राजासन : लायबेरियाचे विल्यम टॉल्बर्ट

बाप्तिस्त मंडळ्यांच्या जागतिक संघाचे अध्यक्षपद १९६५ साली प्रथमच एका आफ्रिकी पुढाऱ्याकडे आले. मायामी बीच येथे भरलेल्या परिषदेने ज्यांची निवड केली ते विल्यम रिचर्ड टॉल्बर्ट हे दीक्षित पाळक होते आणि त्याच वेळी लायबेरियाच्या प्रजासत्ताकाचे उपराष्ट्राध्यक्षही होते. १९७० साली टोकियोच्या परिषदेत त्यांच्या अध्यक्षपदाची मुदत संपली. पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. आणि १२ एप्रिल १९८० च्या पहाटे, पुनरुत्थानाचा सण होऊन आठवडाही उलटला नव्हता तोच, त्यांच्याच सैन्यातील मूठभर शिपायांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरून त्यांना ठार केले. आमच्या वयोवृद्ध वाचकांना ही वार्ता त्या दिवसांत वर्तमानपत्रांत वाचल्याचे स्मरत असेल.

पाळक राज्यकर्ता झाला तर राज्य सुधारेल, असे भाबडेपणाने म्हणणारे लोक आपल्या मंडळ्यांतही आढळतात. टॉल्बर्ट यांच्या कारकीर्दीकडे आम्ही वळतो ते ह्या समजुतीची परीक्षा तेथे पुरेपूर झाली म्हणून. ते दुष्ट राज्यकर्ते नव्हते. त्यांच्या आधीच्या व नंतरच्या राज्यकर्त्यांशी तुलना करता ते पुष्कळ अंशी सौम्य व सुधारणाप्रिय ठरतात. त्यामुळेच त्यांचा इतिहास धर्मसेवकांना अधिक अस्वस्थ करतो.

प्रथम देशाविषयी थोडेसे. १८१६ साली अमेरिकेत एक वसाहत संस्था स्थापन झाली. दास्यातून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसवावे, हा तिचा हेतू. त्यामागे काहींची कळकळ होती, तर काहींना मुक्त कृष्णवर्णीय शेजारी नको होते, एवढेच कारण होते. १८२० साली ‘एलिझाबेथ’ नावाच्या जहाजातून पहिली तुकडी निघाली. पाठोपाठ लॉट कॅरी हे बाप्तिस्त उपदेशक आले. त्यांचा जन्म व्हर्जिनियात दास म्हणून झाला होता आणि स्वतःच्या कमाईने त्यांनी आपली मुक्तता विकत घेतली होती. मन्रोव्हिया येथील प्रॉव्हिडन्स बाप्तिस्त मंडळी १८२२ पासूनची आहे, आणि २६ जुलै १८४७ रोजी लायबेरियाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या त्या ह्याच मंडळीच्या उपासनामंदिरात. उपासनामंदिरात जन्मलेले राज्य म्हणून लायबेरियाकडे बोट दाखविता येईल.

त्या राज्याच्या मुद्रेवर एक ब्रीद कोरले गेले. ‘स्वातंत्र्याच्या प्रेमाने आम्हांस येथे आणले’ असा त्याचा आशय. ह्या ‘आम्हांस’ शब्दापाशी वाचकाने क्षणभर थांबावे. समुद्रावरून आलेल्यांना उद्देशून तो आहे. पूर्वापार तेथेच राहणारे क्पेले, बास्सा, ग्रेबो, क्रू, वाई, क्राह्न, लोमा इत्यादी लोक कोठूनही आणले गेलेले नव्हते; म्हणून ब्रीदात ते नाहीत. वसाहतवाल्यांच्या वंशजांची संख्या एकूण लोकसंख्येत शेकडा पाचांहून अधिक कधी नव्हती. तथापि सत्ता, जमीन, न्यायासने आणि नगरांतील प्रतिष्ठित मंडळ्या त्यांच्याच हाती राहिल्या. १८७८ पासून ‘ट्रू व्हिग’ हा त्यांचा पक्ष अखंड शंभर वर्षे राज्य करीत होता. ज्यांचे पूर्वज साखळदंडांत जखडून नेले गेले होते त्यांच्याच सरकारवर, अंतर्भागातील माणसांना स्पॅनिश अमलाखालील फर्नांडो पो बेटावर बळजबरीच्या मजुरीसाठी धाडल्याचा ठपका आला. राष्ट्रसंघाच्या चौकशी समितीने १९३० साली तो ठेवला आणि राष्ट्राध्यक्ष किंग यांना त्याच वर्षी पदत्याग करावा लागला. मिसरातून सुटलेल्या लोकांना परदेशीयाचे मन कसे असते ते विसरू नका, असे नियमशास्त्र वारंवार का बजावते, हे येथे ध्यानी येते.

टॉल्बर्ट यांचे आजोबा १८७८ सालीच, ‘अझोर’ जहाजाने, दक्षिण कॅरोलायनातून लायबेरियास आले. नातवाचा जन्म १३ मे १९१३ रोजी मन्रोव्हियाजवळील बेन्सनव्हिल गावी झाला. १९३४ साली पदवी, मग सरकारी खजिन्यात नोकरी, १९४३ साली प्रतिनिधिगृहात प्रवेश, १९५१ च्या निवडणुकीत उपराष्ट्राध्यक्षपद आणि १९५३ साली पाळकीय दीक्षा, असा हा क्रम आहे. दीक्षा राज्यपदानंतर आली, ह्याची नोंद असावी. पाळक राजकारणात उतरला असे येथे झाले नाही. राजकारणात चढलेल्या गृहस्थाने पाळकपद स्वीकारले. आमच्या मते ह्या दोहोंत अंतर आहे. अर्थात त्यांच्या श्रद्धेच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण आम्हांला दिसत नाही; खेडोपाडी जाऊन उपदेश करण्याची त्यांना मनापासून आवड होती.

एकोणीस वर्षांहून अधिक काळ ते विल्यम टबमन यांच्या छायेत उपराष्ट्राध्यक्ष राहिले. टबमन हे १९४४ पासून राष्ट्राध्यक्ष होते आणि मेथोडिस्ट मंडळीचे उपदेशकही होते. अंतर्भागातील झोपडीपट्टी भरणाऱ्यांना आणि स्त्रियांना मताधिकार देण्याचे, परदेशी भांडवलाला दार उघडण्याचे श्रेय त्यांना आहे. गुप्तहेरांचे जाळे आणि विरोधकांचा बीमोड हेही त्यांचेच. २३ जुलै १९७१ रोजी लंडनमध्ये शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले, आणि त्याच दिवशी टॉल्बर्ट यांनी पदाची शपथ घेतली.

शपथ घेताना त्यांच्या अंगावर उंच काळी टोपी आणि लांब शेपटांचा कोट नव्हता. लायबेरियाचे श्रीमंत त्या उकाड्यातही शंभर वर्षे तोच पोशाख मिरवीत आले होते. टॉल्बर्ट उघड्या गळ्याचा साधा पांढरा सदरा घालून आले. लोकांनी त्यातून जे समजायचे ते समजून घेतले, आणि तशा सदऱ्यांची देशात टूम निघाली. ते क्पेले भाषा बोलत. देशी भाषा बोलू शकणारे राष्ट्राध्यक्ष तोवर विरळाच होते. त्यांनी टबमन यांची विलासनौका विकली, गुप्तहेरांचे जाळे आवरले, मतदानाचे वय अठरावर आणले, आणि सकाळी अवचित कचेऱ्यांत जाऊन कोण वेळेवर आले आहे ते स्वतः पाहू लागले. राष्ट्राध्यक्षाने आठ वर्षांच्या एकाच मुदतीपुरते पद धारण करावे, अशी घटनादुरुस्तीही त्यांनी उचलून धरली. ‘चटईवरून गादीवर’ ही त्यांची घोषणा खेड्यापाड्यांत पोहोचली. जमिनीवर चटई टाकून निजणारा उद्या गादीवर निजेल, हे तिचे वचन. घोषणा उपदेशकाच्याच मुखातून आलेली होती, हे सहज ओळखू येते. तिच्यात दृष्टांताचा सुगमपणा आहे. मात्र दृष्टांताने जागविलेली भूक पुढे कोणाला तरी भागवावी लागते.

परराष्ट्रकारणात त्यांनी अमेरिकेच्या एकट्या आश्रयाखालून देशाला बाहेर काढले. सोव्हिएत संघाशी संबंध वाढविले, चीनशी १९७७ साली राजनैतिक संबंध जोडले, सिएरा लिओनसह १९७३ साली मानो नदी संघ स्थापिला, आणि १९७५ साली पश्चिम आफ्रिकेच्या आर्थिक समुदायाच्या स्थापनेत भाग घेतला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांना त्यांनी मन्रोव्हियात भेटीस बोलाविले. वर्णद्वेषी राजवटीशी बोलावे की बोलू नये, ह्यावर आफ्रिकेत मोठे काहूर उठले. ह्या विषयाचा विस्तार येथे नको.

घरचा प्रश्न अधिक कठीण होता. टॉल्बर्ट यांचे एक बंधू फ्रँक हे सिनेटचे अध्वर्यू. दुसरे बंधू स्टीफन हे अर्थमंत्री, आणि मासेमारीपासून अनेक धंद्यांत पसरलेल्या मेसुराडो उद्योगसमूहाचे धनीही तेच. राज्याचा खजिना आणि घरचा गल्ला एकाच माणसाच्या किल्ल्यांनी उघडत होता. बेन्सनव्हिल गावाचे नाव बदलून ‘बेन्टॉल’ करण्यात आले. त्यात कोणत्या कुळाच्या नावाचा तुकडा आहे हे सांगावयास नको.

येथे एका शिक्षकाचा उल्लेख करणे आमचे कर्तव्य आहे. आल्बर्ट पोर्ट हे वसाहतवाल्यांच्याच कुळातील, सत्ताधाऱ्यांच्या नात्यागोत्यातील गृहस्थ. आयुष्यभर ते स्वखर्चाने लहान लहान पत्रके काढून राष्ट्राध्यक्षांना जाब विचारीत आले होते. १९७४ साली त्यांनी स्टीफन टॉल्बर्ट यांच्या व्यापाराविषयी एक पुस्तिका काढली. देशी लोकांच्या हाती धंदे यावेत म्हणून काढलेल्या धोरणाच्या नावाखाली मंत्रीच धंदे गिळीत आहेत की काय, असा तिचा रोख होता. स्टीफन यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि ज्याच्यापाशी विकायला काही नव्हते अशा वृद्ध शिक्षकावर अडीच लक्ष डॉलरांच्या भरपाईचा निकाल लागला. त्यांच्या बचावासाठी नागरिकांची समिती उभी राहिली. एक वर्षापूर्वी स्थापन झालेल्या आफ्रिकेतील न्यायासाठीच्या चळवळीतील प्राध्यापक व विद्यार्थी तिच्याशी जोडले गेले. स्टीफन टॉल्बर्ट एप्रिल १९७५ मध्ये विमान अपघातात मरण पावले, पण लोकांच्या मनात तो निकाल राहिला.

बेथेलच्या वेदीपाशी अमस्या नावाचा याजक होता. आमोस संदेष्टा तेथे बोलू लागला तेव्हा त्याने, हे राजाचे पवित्रस्थान आहे, येथे बोलू नकोस, असे त्यास सुनावले. लायबेरियातील मोठ्या मंडळ्यांची स्थिती आम्हांला त्या बेथेलसारखी झालेली दिसते. राष्ट्राध्यक्ष बाप्तिस्त पाळक. १९७७ पासून उपराष्ट्राध्यक्ष बेनी वॉर्नर, हे मेथोडिस्ट मंडळीचे बिशप. मंत्री, न्यायाधीश व सिनेटर हे मंडळ्यांचे कारभारी आणि वडील. रविवारी जे पुढच्या बाकावर, तेच सोमवारी न्यायासनावर. अशा ठिकाणी पाळकाने आमोसाचा ग्रंथ उघडावा तर तो कोणासमोर? सर्वच धर्मसेवक भित्रे होते, असे आम्ही म्हणत नाही. मंडळी आणि सरकार ह्यांच्यात मध्ये उभे राहण्यापुरतीही मोकळी जागा उरली नव्हती, एवढेच आमचे म्हणणे आहे. म्हणूनच नाथानाचे काम वेदीपासून दूर उभ्या असलेल्या एका शिक्षकाला करावे लागले.

एका गोष्टीत मात्र टॉल्बर्ट यांनी आपल्याच वर्गाचा रोष पत्करला. मेरीलँड परगण्यात एका मच्छीमाराचा अघोरी विधीसाठी बळी दिल्याच्या गुन्ह्यात प्रतिष्ठित घराण्यांतील माणसे दोषी ठरली. त्यांत प्रतिनिधिगृहाचा एक सभासद आणि परगण्याचा अधीक्षकही होता. दया दाखवावी म्हणून चहूकडून दबाव आला. टॉल्बर्ट यांनी शिक्षा कायम ठेवली, आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये हार्पर नगरात सात जणांना जाहीर फाशी देण्यात आले. देहदंडाविषयी ख्रिस्ती मत काहीही असो, कायदा वसाहतवाल्याला आणि मच्छीमाराला सारखा लागू झाला, ही त्या देशात नवीच गोष्ट होती. जुन्या पक्षमित्रांनी त्यांना ती क्षमा केली नाही.

दोनच महिन्यांनी तांदळाचा प्रश्न पेटला. भात हे लायबेरियाचे अन्न आहे. भात नसेल तर त्या दिवशी जेवण झाले असे तेथे कोणी म्हणत नाही; कोकणपट्टीत वा गोव्यात ज्यांनी सेवा केली आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. देशात पिकणारा तांदूळ अपुरा, म्हणून बाहेरून आणलेला तांदूळ सरकारी मदतीने ठरावीक दराने विकला जाई. शंभर पौंडांच्या पोत्याला २२ डॉलर पडत. कृषिमंत्री फ्लॉरेन्स चेनोवेथ यांनी हा दर २६ डॉलरांपर्यंत नेण्याचा विचार मांडला. काही वृत्तांतांत ३० हा आकडाही येतो. सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता. परदेशी तांदूळ स्वस्त मिळतो म्हणून शेतकरी भातशेती सोडून शहराची किंवा रबराच्या मळ्यांची वाट धरतो. चांगला भाव मिळाला तर तो शेतावर टिकेल, असे त्यांचे म्हणणे. हिशोबाच्या वहीत ते बरोबर उतरते. पण मन्रोव्हियाच्या वस्त्यांतील मजुराला त्या वहीतील दुसरी बाजू दिसत होती. त्याच्या महिन्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा एका पोत्यात जाई, आणि भाव वाढल्यास लाभ होणाऱ्या मोठ्या भातशेतांच्या मालकांत खुद्द कृषिमंत्री आणि टॉल्बर्ट घराणे ह्यांची नावे घेतली जात. धोरण योग्य की अयोग्य, ह्यावर अर्थशास्त्रज्ञ वाद घालोत. ज्याचा भाव वाढणार त्याच मालाचा धनी भाव ठरविणाऱ्याच्या घरात असला की त्या धोरणावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

गेब्रिएल बॅकस मॅथ्यूज यांच्या प्रोग्रेसिव्ह अलायन्स ह्या संघटनेने निदर्शनाची हाक दिली. सरकारने परवानगी नाकारली. १४ एप्रिल १९७९ हा दिवस उजाडला. पंचांग काढून पाहिले तर तो शनिवार होता, आणि दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार होता. उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थान ह्यांच्यामधल्या त्या मुक्या दिवशी दोन हजारांच्या आसपास निदर्शक राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाकडे निघाले, आणि वाटेत हजारो लोक त्यांना मिळाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जमाव पांगला आणि दुकाने लुटली जाऊ लागली. वृत्तांत सांगतात की काही शिपायांनीही लुटीत हात धुऊन घेतले. निदान ४० माणसे मारली गेली, पाचशेंहून अधिक जखमी झाली. स्वतःच्या सैन्यावर विसंबता येत नाही असे पाहून टॉल्बर्ट यांनी शेजारच्या गिनीचे राष्ट्राध्यक्ष सेकू तूरे यांच्याकडे मदत मागितली, आणि गिनीचे सैनिक मन्रोव्हियात उतरले. लायबेरियाच्या शिपायांनी ते पाहिले. त्यांच्यातील बहुतेक सर्व अंतर्भागातील गरीब घरचे, पगार तुटपुंजा, बराकी गळक्या, आणि अधिकारी बहुधा वरच्या वर्गाचे. आपल्यावर धन्याचा भरवसा नाही, आणि धन्याला आपल्यावाचून दुसरा आधारही नाही, ह्या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच आठवड्यात समजल्या.

दरवाढ मागे घेण्यात आली. पुढारी तुरुंगात गेले आणि काही आठवड्यांनी सुटले, कारण जुलै १९७९ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेची शिखर परिषद मन्रोव्हियात भरावयाची होती. त्या परिषदेसाठी समुद्रकिनारी भव्य हॉटेल आणि पाहुण्या राष्ट्रप्रमुखांसाठी बंगले उभारले गेले, आणि त्यावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले. टॉल्बर्ट संघटनेचे अध्यक्ष निवडले गेले. एप्रिलमध्ये पोत्यामागे चार डॉलरांसाठी माणसे मेली होती, आणि जुलैत हे बंगले लोकांच्या डोळ्यांसमोर होते.

तरीही टॉल्बर्ट यांनी दार पुरते मिटले नाही. जानेवारी १९८० मध्ये मॅथ्यूज यांच्या पक्षाला कायदेशीर मान्यता मिळाली. एकपक्षी राजवटीला सरावलेल्या देशात हे धाडसच होते. ट्रू व्हिग पक्षातील वृद्धांना ते अति वाटले, तरुणांना फार उशिराचे. मार्चमध्ये ह्या पक्षाने सार्वत्रिक हरताळाची हाक देऊन राष्ट्राध्यक्षांनी पायउतार व्हावे अशी मागणी केली. पुढाऱ्यांना पुन्हा अटक झाली, राजद्रोहाचे आरोप ठेवले गेले. आधी सोडणे आणि मग आवळणे, ह्या हेलकाव्यात त्यांचे अखेरचे वर्ष गेले. ज्याने लोकांना बोलावयास शिकविले त्यालाच त्यांचे बोलणे सोसेना, असा निवाडा पुष्कळांनी केला आहे. तो अर्धाच खरा आहे असे आम्हांला वाटते. टबमन यांनी असे हेलकावे घेतले नाहीत, कारण त्यांनी दार कधी उघडलेच नव्हते; ते आपल्या शय्येवर शांतपणे मरण पावले.

१२ एप्रिलच्या पहाटे सॅम्युएल डो नावाचा २८ वर्षांचा सार्जंट, क्राह्न जमातीचा, आपल्या साथीदारांसह प्रासादात शिरला. टॉल्बर्ट यांच्यासह वीसहून अधिक माणसे मारली गेली. राष्ट्राध्यक्षांना व इतर मृतांना पाम ग्रोव्ह दफनभूमीत एकाच खड्ड्यात पुरण्यात आले. रस्त्यांत लोक नाचले, हेही नमूद केले पाहिजे. उपराष्ट्राध्यक्ष बिशप वॉर्नर त्या दिवसांत आपल्या मंडळीच्या महासभेसाठी अमेरिकेत होते, म्हणून वाचले. दहा दिवसांनी, २२ एप्रिल रोजी, तेरा जणांना समुद्रकिनारी खांबांना बांधून, वार्ताहरांच्या देखत गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत मुख्य न्यायाधीश पिअर, सभापती हेन्रीज, परराष्ट्रमंत्री सेसिल डेनिस आणि राष्ट्राध्यक्षांचे बंधू फ्रँक होते. पुढे राष्ट्राध्यक्षांचे पुत्र ए. बी. टॉल्बर्ट यांनाही ठार करण्यात आले.

मंडळीला तिचा आवाज सापडला तो ह्यानंतर. राजाचे पवित्रस्थान मोडले तेव्हा तेथे राजासाठी राखलेली बाके उरली नाहीत. १९८२ साली लायबेरियातील मंडळ्यांची परिषद स्थापन झाली, आणि मन्रोव्हियाचे कॅथॉलिक आर्चबिशप मायकल फ्रान्सिस हे डो यांच्या राजवटीचे निर्भय टीकाकार म्हणून पुढे आले. डो यांनी १९८५ च्या निवडणुकीत स्वतःस विजयी ठरवून घेतले. देशी लोकांचा पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून ज्यांचे स्वागत झाले होते त्यांनी आपल्याच एका जमातीला वर आणून बाकीच्यांना चिरडले. १९८९ च्या ख्रिस्तजयंतीच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलर यांचे बंडखोर सीमेवरून आत आले. २९ जुलै १९९० च्या रात्री मन्रोव्हियाच्या सेंट पीटर्स लुथरन मंदिरात आसऱ्यास आलेल्या सुमारे सहाशे लोकांना डो यांच्या शिपायांनी कापून काढले. सप्टेंबरात प्रिन्स जॉन्सन यांच्या टोळीने डो यांना पकडून हालहाल करून मारले. हेच जॉन्सन पुढे सुवार्तिक पाळक झाले, सिनेटवर निवडून आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मरण पावले तोवर सिनेटर होते. यादवी २००३ साली थांबली तेव्हा मृतांची संख्या लक्षांत गेलेली होती.

मन्रोव्हियात १ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांच्या उपस्थितीत विल्यम टॉल्बर्ट आणि किनाऱ्यावर मारल्या गेलेल्या त्या तेरा जणांचा अंत्यविधी शासकीय इतमामाने झाला. मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी, राष्ट्रध्वजाने आच्छादलेल्या शवपेट्यांसमोर, ह्या पाळक राष्ट्राध्यक्षासाठी अखेर प्रार्थना म्हटली गेली.